भाकीत आणि विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य

विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून त्यांच्या अपयशाचे भाकीत करणे नैतिक आहे का, हा प्रश्न आता प्रत्यक्ष व्यवहाराचा झाला आहे. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठात २०१२ पासून संगणकप्रणाली गुण, विषयनिवड अशा ८०० हून अधिक धोक्याच्या खुणा तपासते. खूण आढळताच मार्गदर्शक विद्यार्थ्याशी संपर्क साधतात. तत्त्वज्ञ इमान्युएल कान्ट यांनी १७८५ मध्ये मांडलेल्या नीतितत्त्वानुसार माणसाला केवळ साधन मानता येत नाही. तो स्वतःच साध्य असतो. या कसोटीवर मदतीसाठी केलेले भाकीत समर्थनीय ठरते. निकालाची टक्केवारी राखण्यासाठी दुबळ्या विद्यार्थ्याला वगळणारे भाकीत अन्याय्य ठरते. शिवाय भाकीत आधीच्या विद्यार्थ्यांच्या अनुभवावर उभे असते, बदलण्याची क्षमता मात्र प्रत्येकाची स्वतःची असते. म्हणून विद्यार्थ्याला आपली नोंद पाहण्याचा व तिच्यावर आक्षेप घेण्याचा हक्क हवा, आणि निर्णय त्याच्याशी बोलूनच व्हायला हवा.