भाकर आणि झोप



आपल्या बीड जिल्ह्यातील, आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा धावपटू अविनाश साबळे १९ ऑगस्ट २०२३ रोजी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाला. तीन हजार मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे आणि पाण्यावरून ७ उड्या. पहिले पाच पुढे जाणार होते, तो सातवा आला. आदल्या वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले होते, त्यामुळे आशा मोठी होती. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्णपदक जिंकले.

पदकाचा फोटो छापून येतो, मधले सहा आठवडे छापून येत नाहीत.

एलिया संदेष्टाही असाच खचून झुडपाखाली आडवा झाला आणि देवाजवळ मरण मागू लागला (१ राजे १९). देवदूताने त्याला दटावले नाही, बोधही केला नाही. उशाशी भाकर आणि पाणी ठेवले. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला! (हे आपण सहसा विसरतो.) दूताने त्याला झोपू दिले, मग परत उठवून खाऊ घातले. त्या बळावर तो चाळीस दिवस चालला.

बारावीत नापास झालेले पोर घरी येते तेव्हा आपण काय करतो? शेजारच्या मुलाचे गुण सांगतो, क्लासची फी किती भरली ते सांगतो. पोर मान खाली घालून ऐकते, ताट तसेच राहते. यंदा आपल्यापैकी कोणाच्या घरी असा निकाल लागला, तर त्या रात्री गुणपत्रिका बाजूला ठेवून गरम भाकर वाढू या. पुढच्या परीक्षेचे सकाळी बोलता येईल.