छत्रीचा चाबूक

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या हाइड पार्कमध्ये कुलीन स्त्रिया फीटन नावाची उघडी, हलकी गाडी स्वतः हाकीत असत. मागे मोतद्दार हाताची घडी घालून बसलेला. लगाम आणि चाबूक बाईंच्या हाती. त्यांच्यासाठी कारागिरांनी खास चाबूक घडविले. काठी कधी हॉलीच्या लाकडाची, कधी तिमिंगिलाच्या तोंडातील लवचीक पट्टीची; मूठ हस्तिदंताची, तिच्याजवळ चांदीचे नक्षीदार कडे. काहींच्या काठीला तर झालरीची चिमुकली रेशमी छत्री जोडलेली! हाकणारीच्या मुखाला सावली आणि घोड्याच्या पाठीला फटका, दोन्हींची सोय एकाच काठीत.

वेदनेच्या साधनाला अलंकार चढविणे हे ढोंग नव्हे काय, असे प्रथम वाटते. पण न्याय इतक्या लगबगीने करू नये. स्वार पायांनी घोड्याला सूचना देतो. गाडी हाकणाऱ्याला ती सोय नाही, म्हणून वादीचा हलका स्पर्श हीच त्याची भाषा. कसबी हात क्वचितच मारतो. शिवाय छत्री लावलेला चाबूक जोराने चालविणे अवघडच. म्हणजे ही नक्षी मारण्याच्या आडच येत होती.

मग छळ कोठे होता? ॲना स्यूएलच्या 'ब्लॅक ब्यूटी' या १८७७ च्या कादंबरीत घोडाच आपली कहाणी सांगतो. घोडे ऐटबाज दिसावेत म्हणून त्यांच्या माना एका जादा लगामाने वर खेचून ठेवीत. कथेतील उमराव स्त्री त्या आणखी उंच हव्यात असा हट्ट धरते. चाबूक न उगारताही घोडा पिळला जात होता, तो केवळ शोभेपायी. (त्या स्त्रियांचे तरी काय? १८८२ च्या कायद्यापर्यंत तेथील विवाहितेची जंगम मालमत्ता सामान्यतः पतीची ठरे. हातातला चाबूकही तिचा नव्हे.)

हे वाचल्यापासून मला माझी लेखणी खुपू लागली आहे. गावी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून एका सहकाऱ्याने बदलीसाठी अर्ज केला होता. तो नामंजूर झाल्याचे पत्र मीच सिद्ध केले. निर्णय माझा नव्हता. 'सखेद कळविण्यात येते की' एवढी झालर मात्र माझी. ती लिहिताना मला खेद झाला नाही. वाक्य सुबक उतरल्याचे समाधान झाले, हे कबूल केले पाहिजे. पत्र हाती देताना मी त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही. त्याने ते दोनदा वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि मला 'आभारी आहे' म्हणाला.