नाव कोणाच्या सोयीसाठी?

एखाद्याचे नाव कळले म्हणजे तो कळला, असे आपण सहज समजतो. ही समजूत किती खरी, हा प्रश्न लहान मुलांच्या एका पुस्तकात चक्क एक चिलट विचारते.

लुईस कॅरॉल यांच्या अ‍ॅलिसच्या दुसऱ्या पुस्तकात (१८७१) तिला आरशापलीकडच्या जगात कोंबडीएवढे चिलट भेटते. अ‍ॅलिसला कीटकांची भीती वाटते. नावे मात्र ठाऊक आहेत. हाक मारली तर ते ओ देतात का, असे चिलट विचारते. नाही म्हटल्यावर त्याचा पुढचा सवाल : मग नावांचा उपयोग काय? कीटकांना नसेल, पण नाव ठेवणाऱ्यांना असेल, असे अ‍ॅलिस सांगते. याच प्रकरणात पुढे एक रान येते. तिथे सगळ्यांना स्वतःचे नाव विसरायला होते. अ‍ॅलिस हरणाच्या पाडसाच्या गळ्यात हात टाकून चालते. रान संपते, नावे आठवतात आणि ‘माणूस’ ओळखून पाडस घाबरून पळते.

आमच्या झरी जामणीच्या काळ्या मातीत कापूस पिकतो. इथे शेतातला किडा दिसला की आपण एकच नाव घेतो : कीड. गुलाबी बोंडअळी बोंड आतून पोखरते, हे खरेच. तिच्यावर फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण त्याच पऱ्हाटीवर मावा खाणारा ढालकिडाही असतो. फवारा दोघांत फरक करीत नाही. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वेळी विषाने माणसातही फरक केला नाही. मेलेल्यांची नावे लवकर विसरली गेली, आकडा तेवढा उरला.

मग नावेच टाकून द्यावीत का? आम्हाला तसे वाटत नाही. अल्लाहने हजरत आदम यांना सर्व वस्तूंची नावे शिकवली, असे कुरआन सांगते. नाव हा माणसाला मिळालेला मान आहे. म्हणूनच ती अमानतही आहे. कुरआनातील एका सूरहचे नाव ‘नम्ल’, म्हणजे मुंगी. हजरत सुलैमान यांचे लष्कर येताना पाहून एक मुंगी इतरांना घरात शिरायला सांगते, नाहीतर ते नकळत तुम्हाला चिरडतील. ‘नकळत’ हा शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो. बलाढ्य लष्करावरही ती मुंगी दुष्टपणाचा आरोप करीत नाही. आणि सुलैमान बादशाह असूनही तिचे बोलणे ऐकतात, हसतात, आणि अल्लाहचे आभार मानतात.

नावाचा भार काय असतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. भाड्याची खोली पसंत पडते, सगळे ठरते आणि नाव सांगताच घरमालकाचा चेहरा बदलतो. पाडस पळाले ते असेच. पण हा अनुभव असलेल्यांवरच जास्त जबाबदारी येते. आपणही शेजाऱ्याला, दुसऱ्या जमातीला, दुसऱ्या मसलकाला एका नावात गुंडाळून मोकळे होतोच ना?

वर्गात मुलांना आम्ही बोंडअळीचे नाव शिकवू, तसेच ढालकिड्याचेही. नाव घेण्याआधी निरखून पाहायला शिकवू. चिरडणारे पाऊल बहुधा दुष्ट नसते, बेखबर असते. आणि बेखबरी घालवणे हेच तर तालीमचे काम आहे.