उशाशी बसलेल्यांचा अधिकार

स्टीफन एलियट या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा 'ईझी व्हर्च्यू' हा २००८ सालचा चित्रपट वरवर पाहता सासू-सुनेच्या कलहाची, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील इंग्लंडात घडणारी एक खेळकर प्रेमकथा आहे. परंतु तिच्या गाभ्यात मृत्यूविषयीचा, पापाविषयीचा आणि दयेविषयीचा असा एक प्रश्न दडलेला आहे की, तो एकदा ध्यानात आल्यावर त्या कथेतील हास्याकडे पूर्वीच्या निश्चिंतपणाने पाहणे शक्य होत नाही. ज्या नाटकावरून हा चित्रपट घेतला, ते नोएल कॉवर्ड याने १९२४ साली, ऐन पंचविशीच्या सुमारास लिहिले. १९२५ साली न्यूयॉर्क येथे व पुढील वर्षी लंडन येथे ते रंगभूमीवर आले, आणि १९२८ साली आल्फ्रेड हिचकॉक याचा त्यावरील मूकपट प्रदर्शित झाला. नाटकाच्या नावाचा अर्थ 'सैल शील' असा होतो. ज्या स्त्रीची समाजात बदनामी झाली, तिच्यासाठी इंग्रजीत रूढ असलेला तो शब्दप्रयोग आहे. आणि शील म्हणजे काय, ते कोणाचे सैल व कोणाचे दृढ हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न त्या नावातच उभा आहे.

लॅरिटा ही डेट्रॉइट शहरातून आलेली, मोटारींच्या शर्यतीत उतरणारी तरुण विधवा. तिच्याहून वयाने लहान असलेला जॉन व्हिटेकर तिच्या प्रेमात पडतो, परमुलुखात तिच्याशी विवाह करतो आणि मग तिला घेऊन आपल्या वडिलोपार्जित वास्तूत येतो. घराणे मोठे आहे, मिळकत विस्तीर्ण आहे, परंतु खजिन्यात खडखडाट आहे. शेजारच्या जमीनदाराची कन्या सारा हिने या घरात सून म्हणून यावे, म्हणजे घराण्याची पत राहील, असा मनसुबा केव्हाचा ठरलेला आहे. अशा घरात एक परदेशी, वयाने मोठी, एकदा संसार होऊन गेलेली स्त्री येते, आणि सासू व्हेरॉनिका तिच्याकडे पहिल्या भेटीतच अशा नजरेने पाहते की, त्या नजरेचा अर्थ कळण्यास कोणत्याही मराठी वाचकाला इंग्रजी यावे लागत नाही. त्यातच एके दिवशी लॅरिटा न पाहता कोचावर बसते आणि तिच्याखाली सासूचे लाडके, तळहातावर मावेल एवढे कुत्रे चेंगरून मरते. घरातला बटलर फर्बर ते कुत्रे गुपचूप पुरण्यास तिला साहाय्य करतो. प्रेक्षक येथे हसतो. परंतु पुढील सर्व कथेची किल्ली याच प्रसंगात आहे. ज्या घरात चुकीची कबुली देता येत नाही, तेथे प्रामाणिक माणसालाही प्रेत लपविणे भाग पडते, आणि सत्याशी पहिली प्रतारणा तेथील हवाच करविते.

व्हेरॉनिकावर मात्र अन्याय होता कामा नये. तिचा पती जिम १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात आपल्या हाताखालील माणसे घेऊन लढावयास गेला. ती सारी तेथेच मेली, आणि तो परतला तो मनाने अर्धा तिकडेच राहून. शेतीवाडीची व्यवस्था, नोकरचाकरांचे पगार, दोन अविवाहित मुलींची काळजी, कर्जाची टांगती तलवार आणि पंचक्रोशीतील प्रतिष्ठा हा सारा भार या बाईने एकटीने, तोंडातून चकार शब्द न काढता वाहिलेला आहे. रविवारची प्रार्थना, जेवणाची ठरलेली वेळ, शिकारीचा रिवाज, नाताळचा समारंभ ही तिच्या दृष्टीने कोसळू पाहणाऱ्या वास्तूला लावलेली टेकणे आहेत. आचाराचा जन्म पुष्कळदा असाच होतो. दुःखाने मोडू नये म्हणून मनुष्य काही नियम धरून बसतो, आणि ते नियम त्याला खरोखरच काही काळ उभे ठेवतात. म्हणूनच जुन्या घरातील आचाराची कुचेष्टा करणाऱ्यास त्या आचाराने कोणकोणते अश्रू अडवून धरले आहेत याची पुष्कळदा कल्पना नसते. व्हेरॉनिकाचा अपराध तिच्या कडकपणात नाही. तो पुढे घडतो.

लॅरिटाच्या पूर्वायुष्यातील एक हकिकत घरातल्यांच्या हाती लागते. तिच्या पहिल्या पतीच्या मृत्यूबद्दल तिच्यावर खुनाचा खटला चालला होता. पती कर्करोगाने जर्जर झाला होता, त्याच्या यातनांना अंत नव्हता, आणि त्याला या यातनांतून सोडविणारा हात तिचा होता. कॉवर्डच्या मूळ नाटकात हे नव्हते. तेथे लॅरिटा ही घटस्फोटाच्या दाव्याने बदनाम झालेली स्त्री होती. आजच्या प्रेक्षकाला घटस्फोटाचे भय राहिलेले नाही, हे ओळखून चित्रपटकर्त्यांनी त्या जागी असे कृत्य ठेवले की, ज्याच्यापुढे आजचा सुधारलेला मनुष्यही क्षणभर स्तब्ध होईल. हा बदल मला अत्यंत मोलाचा वाटतो, कारण त्याने विवादाची पातळी रूढीवरून धर्मावर नेली.

यातनांनी तडफडणाऱ्या, स्वतः सुटका मागणाऱ्या प्रियजनाचा जीव आपल्या हातांनी घेणे हे पाप की पुण्य, याचे उत्तर सोपे नाही. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन याने 'ईश्वराचे नगर' या ग्रंथात प्रतिपादन केले की, हत्येचा निषेध करणाऱ्या ईश्वरी आज्ञेत स्वतःच्या जीवाचीही गणना होते. आणि आयुष्य ही देवाची ठेव असल्यामुळे ती मोडण्याची मुभा ती सांभाळणाऱ्याला नाही, ही भूमिका ख्रिस्ती धर्मविचारात शतकानुशतके रुजली. इंग्लंडच्या कायद्यात आत्महत्या १९६१ सालापर्यंत गुन्हा होती, आणि त्या सालच्या कायद्यानेही दुसऱ्याच्या आत्महत्येस साहाय्य करणाऱ्यास चौदा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद ठेवली. उलटपक्षी, करुणा हाच ज्या धर्माचा प्राण, त्याने असह्य वेदनेपुढे केवळ नियमाचे पुस्तक उघडून बसावे काय, असे विचारणारा आवाजही त्याच परंपरेत उमटत आला आहे. दोन्ही बाजूंना वजन आहे, दोन्ही बाजूंना शहाणी माणसे आहेत, आणि या प्रश्नावर रात्र-रात्र वाद घालणारे कुटुंब मला आदरणीय वाटले असते, मग त्याचा निर्णय लॅरिटाच्या विरुद्ध का जाईना.

परंतु व्हिटेकरांच्या घरात हा वाद होतच नाही. त्या मनुष्याला किती वेदना होत्या, त्याने काय मागितले, ती रात्र तिने कशी काढली, यांपैकी एकही प्रश्न सासूच्या किंवा नणंदांच्या तोंडी येत नाही. जे घडले ते चूक होते की बरोबर, याची चौकशी कोणासही नको आहे. ते चव्हाट्यावर येईल काय, आणि आल्यास घराण्याच्या अब्रूचे काय होईल, एवढीच चिंता साऱ्यांना व्यापून टाकते. व्हेरॉनिकाचा खरा अपराध येथे आहे. नीतीच्या आसनावर तिने लौकिकाला बसविले, आणि त्यालाच नीती समजून ती त्याची पूजा करू लागली. आचार हा शीलाचा पहारेकरी. धनी निघून गेल्यावरही तो दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवू लागला, तर तो कशाचे रक्षण करतो आहे, हे त्याला कोणी तरी विचारलेच पाहिजे.

हे एका कल्पित घराचेच वर्तन होते असे कोणी समजू नये. याच इंग्लंडात, २० जानेवारी १९३६ च्या रात्री सँड्रिंगहॅम येथे राजे पंचम जॉर्ज मरणशय्येवर होते. त्यांचे वैद्य लॉर्ड डॉसन यांनी राजांच्या शरीरात मॉर्फिन व कोकेन टोचून त्यांचा अंत जवळ आणला. आणि आपल्या टिपणात त्यांनी नोंदवून ठेवले की, मृत्यूची वार्ता सायंकाळच्या हलक्या पत्रांऐवजी सकाळच्या 'टाइम्स'मध्ये प्रथम यावी, हाही विचार त्या वेळी मनात होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्वेच्छामरणास कायदेशीर मुभा देणारे विधेयक उमरावांच्या सभेपुढे आले, तेव्हा हेच डॉसन त्याविरुद्ध बोलले. असल्या गोष्टी वैद्याच्या विवेकावर सोपवाव्यात, त्यांना कायद्यात गोवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. विधेयक ३५ विरुद्ध १४ मतांनी फेटाळले गेले. राजांच्या मृत्यूची ती हकिकत दफ्तरात पन्नास वर्षे पडून राहिली आणि १९८६ साली उजेडात आली. १९३६ च्या त्याच डिसेंबरात नवे राजे आठवे एडवर्ड यांनी एका घटस्फोटित अमेरिकन स्त्रीशी विवाह करण्यासाठी राजपदाचा त्याग केला. तिला राजघराण्याच्या सुनेचा मानाचा किताब मात्र कधीच मिळाला नाही. एकाच वर्षात, एकाच राजघराण्यात, जे झाकले गेले ते सन्मान्य राहिले आणि जे उघड झाले त्याला उंबरठ्याबाहेर ठेवले गेले. लॅरिटाच्या सासूने जो न्याय केला तो तिच्या एकटीचा नव्हता. साऱ्या राष्ट्राच्या प्रतिष्ठित वर्गाचा तोच न्याय होता.

चित्रपटाच्या अखेरीस नाताळच्या समारंभाचा प्रसंग आहे. बदनामी सर्वतोमुखी झालेली असताना लॅरिटा जिना उतरून सभागृहात येते. पाहुणे भिंतीच्या कडेने सरकतात. मध्यभागी ती एकटी. तिच्याबरोबर नृत्य करणे हे पतीचे काम, परंतु जॉन जागचा हलत नाही. तेव्हा इतका वेळ घरात परक्यासारखा वावरणारा सासरा पुढे होतो, हात पुढे करतो, आणि ती दोघे टँगोच्या तालावर पावले टाकू लागतात. कॉलिन फर्थ या नटाने येथे एकही शब्द न उच्चारता जे दाखविले आहे, ते पाहताना माझे डोळे भरून आले. या माणसाने आपल्या विश्वासावर आलेल्या तरुणांना मरताना पाहिले आहे. मरणाऱ्याचा हात हातात असताना मनुष्याला काय कळते, हे त्या घरात त्याला एकट्यालाच ठाऊक आहे. म्हणून तो तिला न्यायाधीश म्हणून तपासत नाही. तो तिला ओळखतो.

या दृश्यापाशी मला आमच्या नात्यातील एका वृद्धेचे अखेरचे दिवस आठवले. तिची थोरली सून रात्रभर उशाशी बसून कापसाच्या बोळ्याने तिचे ओठ ओले करीत असे; दर दोन तासांनी कूस बदलून पाठीला पावडर लावीत असे. भेटीस येणारी माणसे दारात पाव घटका उभी राहत, आणि एवढे औषध कशाला, किंवा एवढ्यात औषध बंद का केले, याविषयी आपापला निकाल देऊन जात. त्या सुनेने कधीच काही निकाल दिला नाही. ती एवढेच म्हणे, "त्यांना काय होतंय ते त्यांनाच ठाऊक." इतक्या वर्षांनंतर मला वाटते, त्या खोलीत धर्म कोणाला कळला असेल तर तो तिला.

पुढे आपल्याच न्यायालयानेही याच जाणिवेला एका अर्थी मान दिला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली जो अमानुष हल्ला झाला, त्यानंतर त्या शुद्धीवर पूर्णपणे कधीच आल्या नाहीत. त्यांना दयामरण द्यावे अशी याचना सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा रुग्णालयातील परिचारिकांनी व कर्मचाऱ्यांनी तिला विरोध केला. आणि ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने मान्य केले की, अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची इतकी वर्षे शुश्रूषा करणाऱ्या त्या लोकांचा आहे. १८ मे २०१५ रोजी अरुणा वारल्या, तोपर्यंत त्या हातांनी त्यांना भरविले, न्हाऊ घातले. या परिचारिकांचा निर्णय लॅरिटाच्या निर्णयाच्या अगदी उलट होता. तरीही मला त्या दोन्ही ठिकाणी एकच शील दिसते. एकीने यातनांतून सोडविले, दुसऱ्यांनी प्राण जपले. परंतु दोन्हींकडे निर्णय घेणारा हात रुग्णाच्या अंगावरून फिरलेला होता. त्या हाताचे चुकले असेल तर त्याचा न्याय देव करो, अथवा कायदा करो. दारातून डोकावून गेलेल्याने तो करू नये.

कॉवर्डच्या नाटकात लॅरिटा घर सोडून एकटी जाते. चित्रपटात मात्र ती मोटारीत बसते तेव्हा तिचा सासरा तिच्या शेजारी येऊन बसतो. मृत्यू जवळून पाहिलेली दोन माणसे निघून जातात, आणि दिव्यांनी उजळलेल्या त्या वास्तूत अब्रू सांभाळणारी माणसे मागे राहतात. व्हेरॉनिकाबद्दल मला राग येत नाही, फार वाईट वाटते. तिने सुनेला एकदा तरी विचारले असते की, "त्या रात्री तुझ्यावर काय गुजरले?" तर कदाचित तिलाही स्वतःच्या न रडलेल्या रात्री बोलता आल्या असत्या. वाचकांस माझी एवढीच विनंती आहे की, आपल्या घरात कधी अशी वेळ आली, कोणाच्या वागण्याचा निवाडा करण्याचा मोह झाला, तर लोकांना हे कळले आहे काय, हे विचारण्याआधी उशाशी कोण बसले होते, हे विचारावे. आणि ते आपण नसू, तर गप्प राहून त्या माणसासाठी पेलाभर पाणी आणावे.