उद्याचे शहर आणि एक पायरी

शिक्षकाच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. एक उत्तरपत्रिकेत होते. बेरीज पुन्हा केली की ती सापडते आणि सुधारताही येते. दुसरी बक्षीस देताना होते. ती कुणी दाखवत नाही, कारण तोवर टाळ्या वाजून गेलेल्या असतात. आम्ही इथे सांगतो आहोत ती दुसऱ्या प्रकारची चूक, आणि ती आमची स्वतःची आहे.

आम्ही राहणारे थळचे, अलिबाग तालुक्यातले. पेशा उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवण्याचा. सातवीच्या मुलांना आम्ही चित्राचा विषय दिला होता, 'आमचे गाव, सन २०७५'. कागदावर काढा किंवा मोबाइलवर काढा, मुभा होती. एका मुलाने मोठ्या भावाच्या मोबाइलवर नुसत्या बोटाने चित्र काढले आणि अलिबागहून त्याची रंगीत प्रत छापून आणली. काळे आभाळ, आभाळात शिरलेले शंभर मजली मनोरे, मनोऱ्यांच्या कडांना निळ्या-गुलाबी प्रकाशाच्या रेघा, पावसाने भिजलेला रस्ता, त्यात तेच दिवे उलटे उतरलेले, वर उडत्या मोटारी. समुद्रात खांदेरी होती, तिच्याभोवतीही जांभळ्या उजेडाचे कडे. सर्वांत उंच इमारतीवर उर्दूत 'थळ' असे झगमगत होते. वर्ग थक्क झाला. आम्हीही झालो.

चित्रात एकही माणूस नव्हता. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, जानदार की तसवीर मना है ना!" आम्हाला समाधान वाटले. पोराकडे हुन्नर आहे आणि घरची शिकवणही त्याने सोडलेली नाही. पहिला नंबर त्याला दिला.

त्याच दिवशी एका मुलीने पेन्सिलीने काढलेले चित्र आमच्या हाती आले. एक दरवाजा. दाराशी पांढऱ्या कांद्याची माळ. जोत्याला चार पायऱ्या. दारावर एक दिवा आणि त्याचा उजेड सगळ्यांत खालच्या पायरीपर्यंत पोहोचलेला. पायरीवर चपलांचा जोड. तिनेही माणूस काढला नव्हता. आम्ही म्हणालो, "बेटा, यात पन्नास वर्षांनंतरचे काय आहे? हे तर आजचेच घर आहे." ती म्हणाली, "सर, आत्ता दोन पायऱ्या आहेत. उधाणाचे पाणी वर येते म्हणून तेव्हा जोते उंच केलेले असेल. आणि तेव्हा मी दादी झालेली असेन. रात्री पायरी दिसायला पाहिजे ना!" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि चित्र बाजूला ठेवले.

त्या हसण्याची टोचणी पुढे कित्येक दिवस राहिली. तेव्हापासून आमच्यापुढे प्रश्न उभा आहे: भविष्याचे चित्र काढणाऱ्यावर काही जबाबदारी असते का? की कल्पना म्हणजे कल्पना, तिला हिशेब विचारायचा नाही?

आधी आम्ही त्या मुलालाच विचारले की हा झगमगाट तू कसा साधतोस. त्याने आनंदाने दाखवले. मोबाइलवरच्या चित्रात एकावर एक थर असतात, पारदर्शक कागद रचावेत तसे. तो सर्वांत खालचा थर काळसर निळ्या रंगाने भरून टाकतो. त्यावर इमारतींच्या आकृत्या. सगळ्या कडा दूरच्या एका बिंदूकडे धावतात, त्यामुळे रस्ता खोल वाटतो. मग वेगळ्या थरावर प्रकाशाची बारीक रेघ. त्या रेघेची प्रत काढून ती धूसर करायची आणि खालच्या रंगात प्रकाश मिसळावा अशी मांडणी निवडायची. की रेघ जळू लागते. शेवटी सगळे उलटे करून रस्त्यावर ठेवायचे आणि थोडे पुसट करायचे. रस्ता ओला होतो. आम्ही म्हणालो, "मग हेच दिवसाचे चित्र काढ." तो म्हणाला, "नाही सर, दिवसा हे चमकत नाही. आधी अंधार करावा लागतो."

पोराने सहज सांगितले, पण त्यात मोठी गोष्ट होती. कागदाचा किंवा पडद्याचा पांढरा रंग एका मर्यादेपलीकडे उजळ होत नाही. म्हणून चित्रकार प्रकाश वाढवत नाही, भोवतालचे काळे करतो. आम्ही टाळ्या वाजवल्या त्या रेघांना. त्या रेघांसाठी काय काय काळे झाले, ते आम्ही विचारले नाही. तिथे होड्या होत्या, बोंबील वाळत घालायचे बांबू होते, नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या, कब्रस्तान होते. पोराने यातले काही मुद्दाम पुसले नव्हते. तो पहिला थर टाकताच ते आपोआप गेले.

निऑन हा शब्दही या बाबतीत बोलका आहे. १८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी हा वायू वेगळा केला. ग्रीक भाषेत 'नवा' असा अर्थ असलेल्या शब्दावरून त्याला नाव मिळाले. १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात जॉर्ज क्लोद यांनी काचेच्या नळ्यांत तो भरून दिवे लावले, आणि लवकरच तो दुकानाच्या पाट्यांचा दिवा झाला. शुद्ध निऑनचा उजेड फक्त तांबूस-केशरी असतो. निळा, गुलाबी वगैरे छटांसाठी दुसरे वायू, पारा आणि काचेवरचे लेप लागतात. म्हणजे ज्याला आपण भविष्याचा प्रकाश समजतो तो शतकभर जुना आहे, आणि मुख्यतः 'माझ्याकडे पाहा' एवढेच सांगण्यासाठी वापरला गेलेला आहे.

अशी शहरे चित्रांत कुठून आली, तेही पाहिले पाहिजे. १९८२ साली रिडली स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' हा चित्रपट आला. त्यात २०१९ च्या नोव्हेंबरमधले लॉस एंजेलिस दाखवले होते. न थांबणारा पाऊस, अंधार आणि इमारतीएवढ्या जाहिराती. पण त्या शहरात खरे प्राणी जवळपास उरलेले नाहीत, आणि ज्यांना परवडते ते पृथ्वी सोडून गेले आहेत. तो एक इशारा होता. २०१९ आले आणि गेले. इशारा गळून पडला, रोषणाई तेवढी उरली. आता तीच रोषणाई आमची पोरे मोबाइलच्या पडद्यावर शोभेसाठी लावतात, आणि आम्ही तिला पहिला नंबर देतो.

आता मुलाच्या त्या उत्तराकडे येऊ. जानदाराची तसवीर काढावी की नाही यावर उलेमांमध्ये पुष्कळ चर्चा झालेली आहे, आणि तिचा निवाडा करण्याइतके इल्म आमच्याजवळ नाही. हजरत इब्ने अब्बास यांच्याकडे तसवीर काढून पोट भरणारा एक माणूस आला, तेव्हा त्यांनी त्याला झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिला, ही रिवायत बहुतेकांना ठाऊक आहे. 'मुसव्विर' हे तर अल्लाहचेच एक नाव आहे. म्हणून माणूस न काढण्यामागे एक अदब आहे. रूप देण्याचा दावा आपण करायचा नाही. त्या अदबीबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. माणूस न काढणे आणि माणसासाठी जागा न ठेवणे, या दोन गोष्टी एकच आहेत का?

दमास्कसची उमय्यद मशीद आठवावी. खलिफा वलीद यांच्या काळात, ७०६ ते ७१५ या वर्षांत ती उभी राहिली. तिच्या भिंतींवर रंगीत आणि सोनेरी काचेचे बारीक तुकडे बसवून एक सबंध मुलूख चितारलेला आहे. वाहते पाणी, काठावरची मोठाली झाडे, महाल, घरांचे पुंजके. त्यात ना माणूस, ना जनावर. अनेक अभ्यासकांना त्यात जन्नतचे चित्र दिसते. शहर आमच्या पोराच्या शहरासारखेच रिकामे आहे, पण पाहणाऱ्याला ते ओसाड वाटत नाही. झाडाखाली बसता येईल, पाण्याशी जाता येईल, घरात शिरता येईल. ते शहर कुणाची तरी वाट पाहत आहे.

आम्हाला सापडलेला फरक तो हाच. रिकामी शहरे दोन प्रकारची असतात. एक आपल्या माणसांची वाट पाहत असते. दुसऱ्याने आपली माणसे बाहेर काढलेली असतात. दोन्ही चित्रांत माणूस दिसत नाही, म्हणून मनाईच्या कसोटीला दोन्ही उतरतात. नियत मात्र वेगळी असते. मुलीच्या चित्रातल्या चपला कुणाची तरी वाट पाहत होत्या. आम्हाला त्या दिसल्या नाहीत, कारण आम्ही उजेडाने दिपलो होतो.

कुणी म्हणेल, मास्तर जुन्याला चिकटलेले आहेत, यांना भविष्याचीच भीती वाटते. तसे नाही. १९०५ साली बंगालच्या बेगम रुकैया सखावत हुसैन यांनी 'सुलतानाज् ड्रीम' ही कथा लिहिली आणि मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात ती छापून आली. त्यांच्या कल्पनेतल्या नगरीत हवेत उडणारी वाहने आहेत, सूर्याची उष्णता साठवून वापरतात, कारभार स्त्रिया चालवतात आणि पुरुष मर्दान्यात बसतात. आमच्या कुठल्याही विद्यार्थ्याने केली नसेल एवढी धाडसी ती कल्पना आहे. पण लेखिका वाचकाला स्वयंपाकघरात नेऊन दाखवते. तिथे धूर नाही, कोळसा नाही, सूर्याच्या उष्णतेवर रांधले जाते. चुलीपुढे कुणाचे डोळे जळतात हे ठाऊक असलेल्या बाईने रचलेले ते भविष्य आहे. म्हणून कल्पना मोठी असण्याला आमचा आक्षेप नाही. ती कुणाच्या गरजेतून निघाली, एवढेच आम्ही विचारतो.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न चित्रकलेच्या वहीपुरता उरलेला नाही. ऐंशीच्या दशकात थळला खत कारखाना उभा राहिला. त्यासाठी जमिनी संपादित झाल्या, आणि 'पुढचे दिवस' म्हणजे काय ते आमच्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्याच्या परिसरात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, हे २२ गावांतल्या शेतकऱ्यांना मतदान घेऊन विचारण्यात आले. ती योजना पुढे बारगळली. पण 'तुमच्या जागी आम्ही हे चित्र काढणार आहोत, चालेल का?' हा प्रश्न एकदा तरी रीतसर विचारला गेला, याचे मोल आम्हाला मोठे वाटते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या क्षेत्रात नवे शहर वसवण्याचे काम एमएमआरडीएकडे देण्यात आले. लोक त्याला 'तिसरी मुंबई' म्हणतात. रस्त्याकडेच्या फलकांवर संगणकाने काढलेले मनोरे रात्रीच्या उजेडात न्हालेले दिसतात. आमच्या विद्यार्थ्याचे आणि त्या फलकांचे तंत्र एकच आहे. आधी अंधार, मग रेघ.

विकास नको असे आम्ही म्हणत नाही. दवाखाना हवा, पूल हवा, मुलींना घराजवळ कॉलेज हवे. पण चित्र काढणाराच नकाशा आखणारा होतो, तेव्हा त्याने काळ्या केलेल्या थरात खरी माणसे राहत असतात.

थळच्या किनाऱ्यावरून रात्री खांदेरीचा दीपस्तंभ दिसतो. १८६७ साली तो बांधला गेला. त्याचा दिवा कुणी आपल्याकडे पाहत बसावे म्हणून लावलेला नाही. तो पाहून खलाशाला स्वतःचा ठावठिकाणा कळावा, खडक टाळता यावा, एवढ्यासाठी तो आहे. दीडशेहून अधिक वर्षे त्याने स्वतःची जाहिरात केलेली नाही. त्या मुलीने दारावर लावलेला दिवा याच जातीचा होता. पायरी दिसावी म्हणून लावलेला.

मग मुलाचे काय? त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. जे सुंदर म्हणून त्याच्यासमोर आले ते त्याने सुंदर काढले. पुढे एकदा आम्ही त्याला म्हणालो, "या शहरात तुझे घर दाखव." त्याने दोन बोटांनी चित्र मोठे केले, आणखी मोठे केले. मनोरा आला, मजला आला, उजेडाची रेघ आली, शेवटी नुसते रंगीत चौकोन उरले. तो थोडा ओशाळला. "सर, इतक्या जवळून बघायचे नसते," म्हणाला. दमास्कसच्या भिंतीजवळ गेलो तर तिथेही काचेचे चौकोनच दिसतील. तेव्हा दोष मोबाइलचा नाही. दोष एवढाच की घर कुठे असेल, हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. विचारायचे काम आमचे होते. विषय आम्ही दिला होता, कसोटीही आम्हीच लावली होती, आणि आमच्या कसोटीत उजेडाला गुण होते, पायरीला नव्हते.

दिलेली कंपासपेटी परत घेता येत नाही, घेऊही नये. मुलीचे चित्र आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावले आणि सगळ्या मुलांसमोर सांगितले की त्या दिवशी आम्ही हसलो ते चुकले. ती काही बोलली नाही. मुलगा मात्र बराच वेळ त्या चित्रासमोर उभा होता. मग त्याने विचारले, "सर, चार पायऱ्या पुरतील का?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. पण २०७५ विषयी आमच्या वर्गात विचारला गेलेला पहिला खरा प्रश्न तोच होता.