आयता ठेका आणि आपले गीत

दहावीची परीक्षा संपून सुटी लागली की धर्मग्रामातील एखादे कुटुंब हमखास विचारते, "फादर, मुलगी गाणी रचते, चालीही लावते. तिला घरी एक साधा कीबोर्ड घ्यावा म्हणतो. कोणता घ्यावा?" प्रश्न बाजारहाटाचा वाटतो आणि दुकानदार त्याचे उत्तर पाच मिनिटांत देऊन टाकतो. परंतु थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, येथे एक नैतिक प्रश्नही दडलेला आहे. गीत रचणाऱ्याने यंत्राकडून किती घ्यावे आणि स्वतःचे किती द्यावे? यंत्राने आयते हाती ठेवलेले गीत देवाला वाहिले, तर ते अर्पण कोणाचे म्हणावयाचे?

कीबोर्ड हे परदेशी यंत्र आहे म्हणून ते त्याज्य, असे काही जण मानतात. हे उत्तर टिकणारे नाही. आज जिला आपण 'आपली पेटी' म्हणतो, ती हार्मोनियमसुद्धा परदेशीच. अलेक्झांडर डेबेन यांनी पॅरिस येथे १८४२ साली तिचे पेटंट घेतले. पुढे भारतात ती हाताने भाता मारून वाजविण्याजोगी झाली आणि मराठी नाटक, कीर्तन व भजन यांत घरच्यासारखी रुळली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली. पेटीचे बारा स्वर जागच्या जागी बांधलेले असल्याने त्यांतून मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत, हा त्यामागील आक्षेप संगीतशास्त्राच्या दृष्टीने खोटा नव्हता. तरीही माजघरातून आणि मंदिरातून पेटी हलली नाही. तेव्हा वाद्य कोठून आले, ते यंत्र आहे की नाही, एवढ्यावरून निवाडा होत नाही.

ख्रिस्तसभेनेही वाद्यांविषयी वेळोवेळी विचार केला आहे. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानो वाजविण्यास मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, उपासनेला शोभणारी इतर वाद्येही स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास वाट मोकळी केली. या दोहोंच्या मधला, १९५८ सालचा पवित्र संगीताविषयीचा रोमचा आदेश आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. परंतु त्यातील एक भेद आपल्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. माणूस स्वतः वाजवितो ती वाद्ये एकीकडे आणि आपोआप वाजणारी यंत्रे दुसरीकडे, असा तो भेद होता. उपासनेत पहिल्यांना स्थान होते, दुसऱ्यांना नव्हते. हा नियम देवालयातील विधीपुरता होता, घरातील खोलीसाठी नव्हे. मात्र त्यामागील जाणीव घरातही खरी आहे. प्रार्थना कोणीतरी करावी लागते, ती आपोआप होत नाही.

अडचण अशी की, कीबोर्ड हे एकाच वेळी या दोन्ही प्रकारचे वाद्य आहे. पट्ट्यांवर बोटे फिरविली तर तो पेटीसारखा वादकाच्या अधीन असतो. पण ठेक्याचे बटण दाबून डाव्या हाताने एकच पट्टी धरली की ढोल, खर्ज आणि स्वरांचे जुळे-तिळे आपोआप सुरू होतात. भारतीय बाजारासाठी काढलेल्या कीबोर्डांत तर केरवा, दादरा यांसारखे ठेके आणि तबल्याचे आवाजही भरलेले असतात. समजा, मुलीने भैरवीच्या अंगाची एखादी चाल मनात धरली. तिच्यात गंधार कोमल आहे. पण एका बोटाच्या सोप्या सोयीत षड्जाची पट्टी दाबली की यंत्र सहसा शुद्ध गंधाराचा स्वरमेळ वाजविते. गळा एक म्हणतो, यंत्र दुसरेच म्हणते. अशा वेळी ती मुलगी काय करते? बहुधा ती आपली चाल बदलते. यंत्राला मानवेल असा स्वर घेते आणि 'आता छान जमले' म्हणून समाधान पावते. तिला जे म्हणावयाचे होते ते हलकेच नाहीसे झाले, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

याच्या उलट आपल्या आजीचे जाते आठवावे. जात्यालाही ठेका होता आणि त्या ठेक्यावरच ओवी उभी राहत असे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून चालविलेल्या कार्यात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या रचणाऱ्या बायांपाशी वाद्य कोणते होते? दोन दगड आणि एक खुंटा. पण तो खुंटा त्यांच्याच हाती होता. हात थकला की ठेका संथ होई, माहेरची आठवण आली की दगडही रेंगाळे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' सुमारे ११,००० ओव्यांत सिद्ध केले, ते याच छंदाच्या बळावर. नाशिकजवळील जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले, तेही ओवीतच.

कोणी म्हणेल, आयत्या ठेक्यातून चांगले काही निपजतच नाही काय? निपजते. कॅसिओ कंपनीने १९८१ साली काढलेल्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डात हिरोको ओकुदा या तरुण संगीतज्ञेने बसविलेला एक ठेका होता. १९८५ साली जमैकात वेन स्मिथ या गायकाचे एक गीत त्यावर उभे राहिले आणि तेथील लोकसंगीताची दिशाच पालटली. परंतु त्या मंडळींनी ठेका जसाच्या तसा उचलला नव्हता. त्यांनी त्याची लय कमी करून तो आपल्या गाण्याच्या चालीने चालविला. म्हणजे दोष आयत्या वस्तूत नसून, ती निवडताना व वापरताना आपला विवेक झोपी जाण्यात आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी कला आणि विवेक यांतील भेद सांगितला आहे. कला ही घडविलेली वस्तू चांगली व्हावी याकडे पाहते, विवेक हा घडविणारा माणूस चांगला व्हावा याकडे पाहतो. यंत्राच्या साहाय्याने गीत कदाचित अधिक सफाईदार होईल, पण गीत रचणारी मुलगी त्यातून वाढली का, हा प्रश्न उरतोच. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून क्षणात अख्खे गीत मिळू शकते अशा आजच्या काळात तर तो अधिकच तातडीचा झाला आहे. दावीद राजाची एक गोष्ट येथे मार्ग दाखविते. अरवना यबूसी आपले खळे, बैल व लाकडे राजाला यज्ञासाठी फुकट देत होता. दावीदाने ती नाकारली आणि मोल देऊन घेतली. ज्यासाठी आपणास काहीच पडले नाही, ते देवाला वाहण्यास त्याचे मन धजेना.

मग कोणता कीबोर्ड घ्यावा? आपण काही करेपर्यंत गप्प बसेल, असा. ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके, घरच्या रचनेला पुष्कळ झाली. मात्र पट्ट्या पूर्ण आकाराच्या असाव्यात आणि बोट हळू वा जोरात पडेल तसा आवाज लहान-मोठा व्हावा, कारण भाव त्यातूनच उमटतो. पट्टी बदलण्याची सोय असावी. मुलीचा आवाज काळी चारला मोकळा लागत असेल, तर तिने दुसऱ्याच्या पट्टीत गळा ताणू नये. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात हेडफोनची जागा हवीच, शेजारधर्म तेथूनही सुरू होतो. शेकडो आवाजांसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. सुस्थितीतला जुना कीबोर्ड मिळाला तरी त्यात कमीपणा नाही. घरातल्या दुसऱ्या मुलाची फी थकवून घेतलेले वाद्य मात्र, ते कितीही गोड वाजो, न्यायाने घेतलेले नव्हे.

आणि वाद्य घरी आल्यावर एक शिस्त पाळावी. शब्द आधी नुसते म्हणून पाहावेत. मग हाताने टाळी धरून चाल गुणगुणावी. चाल पक्की झाली की कीबोर्डवर षड्ज-पंचम धरून तिचे स्वर शोधावेत. ठेक्याचे बटण सर्वांत शेवटी, आणि त्याने चालीला वाकविले तर ते बंद करावे. अखेरीस हेडफोन काढून ते गीत घरच्यांना ऐकवावे, कारण उपासनेचे गीत एकट्याच्या कानासाठी नसते. शेजारच्या मावशींना दुसऱ्या कडव्यापासून सोबत म्हणता आले, तर चाल उतरली असे समजावे. अशा गीतात एखादा स्वर डळमळेल, लयही क्वचित मागे पडेल. रविवारच्या मिस्साबलीत ते अर्पण करताना मात्र ते कोणाचे, हा प्रश्न त्या मुलीच्या मनात उरणार नाही.