सोंगटी कुणाची?

सारीपाट असो वा बॅकगॅमन, फाशांच्या खेळात एक पेच वारंवार पडतो: सोंगट्या जोडीने ठेवून सुरक्षित राहावे, की एखादी एकटी पुढे घालून डाव साधावा? बॅकगॅमनमध्ये आपली एकटी सोंगटी शत्रूच्या सोंगटीपासून सहा घरांवर असली आणि मध्ये अडथळा नसला, तर दोन फाशांच्या ३६ दानांपैकी १७ दाने तिला मारतात; एकाच घरावर असली, तर ११. जाणता खेळाडू मात्र मार बसल्यास हानी किती, हेही पाहतो. शत्रूच्या घरात भक्कम फळी नसेल, तर मार खाऊनही परतता येते. उलट, भीतीपोटी आज सर्व सोंगट्या झाकल्या, तर पुढच्या दानाला आपलीच जोडी फोडावी लागते. सुरक्षित खेळी हीदेखील एक पैजच असते.

आमच्या अंजनगाव सुर्जीने असा एक डाव पाहिला आहे. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावची लढाई हरली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांनी देवगावी स्वतंत्र तह केला. जुग फुटले, दौलतराव शिंदे एकटे उरले. ३० डिसेंबरला त्यांनी येथे तह केला, गंगा-यमुनेच्या दुआबातील मुलूख, भडोच व अहमदनगर सोडले आणि उरलेले राज्य राखले. खेळी म्हणून ती समजण्याजोगी होती. परंतु सोडलेल्या मुलखातील रयतेला कोणी विचारले होते?

येथेच खेळ आणि जीवन यांचे मार्ग वेगळे होतात. पटावरच्या सर्व सोंगट्या आपल्या असतात. जीवनात त्या पुष्कळदा दुसऱ्याच्या असतात.

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात हा वाद सतराव्या शतकात गाजला. पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ मध्ये ढिलाईची मते निषिद्ध ठरविली. पोप आठवे अलेक्झांडर यांनी १६९० मध्ये, शंका आली की सदैव सुरक्षित बाजूच धरावी, हे टोकाचे मतही नाकारले. भीती हा सद्गुण ठरला नाही. परंतु एक मर्यादा कायम राहिली: दुसऱ्याच्या प्राणाचा प्रश्न असेल, तेथे सुरक्षित मार्गच बंधनकारक. झुडूप हलले, बहुधा रानडुक्कर असेल, पण माणूसही असू शकेल. तेथे शिकाऱ्याने गोळी झाडता कामा नये.

प्रिय वाचकहो, स्वतःच्या कष्टाचा पैसा पानपिंपळीच्या मळ्यात घालणारा शेतकरी धोका पत्करतो. त्यात दोष नाही. मात्र त्यासाठी पत्नीचे दागिने गहाण टाकताना तिची संमती हवी. तसेच, ‘घरीच सुरक्षित राहील’ म्हणून मुलीला परगावी शिकू न देणारा पिता आपण सावध आहोत असे मानतो. वस्तुतः तोही तिचेच आयुष्य पणाला लावतो. म्हणून दान टाकण्यापूर्वी शक्यता किती आणि हानी किती, हे अवश्य मोजावे; पण त्याआधी सोंगटी कुणाची, हे विचारावे, आणि ज्याची असेल त्याला पटाजवळ बसवावे.